फवारा मारला की मुंग्या दुप्पट: स्वयंपाकघरातल्या बारीक मुंग्यांचा तीन वर्षांचा घोळ आणि तो कसा सुटला

आमचं घर गोव्यात, फोंडा तालुक्यात. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं, पुढे बल्कांव म्हणजे बसायची ओसरी, मागे थोडं कुळागर, माड-पोफळीची बाग. तीन वर्षं आमच्याकडे एकच गोष्ट फिरून फिरून घडत होती. ओट्यावर बारीक मुंग्यांची रांग दिसायची, मी फवारा मारायचे, चार-पाच दिवस सामसूम, आणि दोन-तीन आठवड्यांत रांग परत. तीही आता एका जागी नाही, दोन जागी. गेल्याच्या गेल्या वर्षी चवथीच्या आदल्या रात्री त्या नेवऱ्यांच्या डब्यात शिरल्या. सासूबाईंनी तो डबा तसाच उचलून अंगणात नेला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आम्ही पूर्वी पाण्यात ठेवायचो."

त्या रात्री मी चिडून अख्खा डबा फवारा रिकामा केला. पंधरा दिवसांनी मुंग्या देवघरात, न्हाणीत आणि फ्रिजच्या रबरातही होत्या. मुंग्या येण्याचं कारण काहीही असो, मुंग्या *वाढण्याचं* कारण मीच आहे असा संशय मला तेव्हा पहिल्यांदा आला. तो खरा निघाला.

अडचण हीच आहे का, ते आधी बघा

पुढचं सगळं एका विशिष्ट तक्रारीसाठी आहे: बारीक, दोन मिलिमीटरच्या आतल्या मुंग्या, घरातच कुठेतरी राहणाऱ्या, मारल्या की थोडे दिवस गायब होऊन भलत्याच ठिकाणी उगवणाऱ्या. आपल्याकडे सगळ्यांना सरसकट "साखरमुंग्या" म्हणतात, पण त्यांत निदान दोन जाती असतात.

पहिली इतकी फिकी असते की पांढऱ्या टाइलवर नुसती काळपट डोकी धावताना दिसतात. पोट आणि पाय जवळपास पारदर्शक. दीड मिलिमीटर लांबी. बोटाने चिरडून वास घ्या, खवट खोबऱ्यासारखा येतो. गोव्यात हा वास कोणाला वेगळा शिकवायला नको. शास्त्रीय नाव टॅपिनोमा मेलॅनोसेफॅलम, म्हणजे काळ्या डोक्याची. आमच्या घरी हीच होती.

दुसरी सगळीच पिवळसर-तांबूस, पोटाचं टोक तेवढं गडद. मोनोमोरियम फॅराओनिस, फॅरो मुंगी. हिला ऊब आवडते: फ्रिजच्या मोटारीमागे, मिक्सरच्या बुडात, स्विचबोर्डात. जगभरच्या इस्पितळांना हिने हैराण केलंय. उपाय दोघींचा जवळपास सारखाच.

काळ्या, लांब पायांच्या, वेड लागल्यासारख्या नागमोडी पळणाऱ्या मुंग्या असतील तर ती पॅराट्रेकिना. ती आमिषाच्या बाबतीत लहरी असते, तिच्यावर हा उपाय चालेलच असं नाही. मोठे काळे मुंगळे एकेकटे फिरत असतील तर त्यांचं घर बहुधा बाहेर झाडाच्या मुळाशी असतं; दाराखालची फट बुजवा आणि विसरा. अंगणात मातीचा भुसा वर काढणाऱ्या, आग लागल्यासारखा डंख मारणाऱ्या तांबड्या मुंग्यांचा प्रकार वेगळा. आंब्यावरच्या हुमल्यांबद्दल (पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या) शेवटी लिहिलंय, त्यांना हात लावण्याआधी तेवढं वाचाच.

मी जे केलं आणि का फसलं

हळद, कापूर, दालचिनी, व्हिनेगर, खडूची रेघ, सगळं झालं. यांतलं काहीच खोटं नाही. रेघ ओढली की मुंग्या रेघ ओलांडत नाहीत. त्या वळसा घालतात. मी पांढऱ्या सिमेंटने एक भोक बुजवलं तर दोन टाइल सोडून दुसरं उघडलं. चिऱ्याची भिंत म्हणजे आतून जाळीच, तिथे तुम्ही किती भोकं बुजवणार?

वळसा त्यांना कसा सापडतो, हे कळलं तेव्हा माझा त्यांच्याबद्दलचा राग थोडा उतरला. १९८९ साली बेल्जियमच्या संशोधकांनी एक सुंदर प्रयोग छापला. मुंग्यांचं घरटं आणि अन्न यांच्यामध्ये दोन पूल ठेवले, एक लांब, एक आखूड. सुरुवातीला मुंग्या दोन्हींवरून जात होत्या. चालताना प्रत्येक मुंगी वास सोडत जाते आणि मागून येणारी जिथे वास जास्त तिथे वळते. आखूड पुलावरची फेरी लवकर पुरी होते, म्हणून तिथे वास लवकर साचतो, म्हणून आणखी मुंग्या तिथेच वळतात. थोड्या वेळात जवळपास सगळी रहदारी आखूड पुलावर. कोणत्याही मुंगीने दोन्ही पूल मोजले नव्हते. तुमची खडूची रेघ म्हणजे त्यांच्यासाठी फक्त एक पूल बंद झाला, इतकंच. फॅरो मुंग्या तर "इकडे काही नाही, जाऊ नका" असाही वेगळा वास सोडतात, हे २००५ मध्ये दाखवलं गेलंय. आपल्या फोंड्याच्या नाक्यावर एवढी सोय नाही.

आता फवारा. यात दोन घोटाळे आहेत, आणि दोन्ही मला आधी माहीत असते तर कित्येक डब्यांचे पैसे वाचले असते.

पहिला: भिंतीवर दिसणारी मुंगी कोण आहे? मुंग्यांच्या बहुतेक जातींत कामकरी मुंगी लहान असताना आत राहून पिल्लांची उस्तवार करते आणि वय वाढलं की बाहेर पडते. बाहेर जाणं सगळ्यांत धोक्याचं काम, ते ज्यांचे थोडे दिवस उरलेत त्यांच्याकडे. म्हणजे ओट्यावर रांगेने येतात त्या वसाहतीतल्या म्हाताऱ्या. मी तीन वर्षं आज्या मारत होते. आत राण्या अंडी घालत होत्या, तरण्या मुंग्या पिल्लं वाढवत होत्या, आणि दोन-तीन आठवड्यांत नव्या आज्या तयार होऊन ओट्यावर.

दुसरा घोटाळा जास्त वाईट. या दोन्ही जातींच्या वसाहतीत राणी एक नसते, पुष्कळ असतात. धोका जाणवला, भिंतीत औषधाचा दर्प शिरला, की एखादी राणी थोड्या कामकरणी आणि अंडी-पिल्लं घेऊन निघते आणि दुसऱ्या फटीत बिऱ्हाड करते. सरळ सांगायचं तर वेगळी चूल मांडतात. फॅरो मुंग्यांच्या अशा बिऱ्हाडात राणी नसली तरी चालतं. सोबत नेलेल्या पिल्लांतूनच त्या नवी राणी वाढवू शकतात. मी प्रत्येक फवाऱ्यानिशी एका घराच्या वाटण्या करून चार घरं उभी करत होते.

(एक आडवळण. "मुंगी" मराठीत स्त्रीलिंगी आहे, आणि इथे व्याकरणाने जीवशास्त्राला अचूक गाठलंय: रांगेतली प्रत्येक मुंगी मादीच असते. "मुंगळा" मात्र चुकला, त्या मोठ्या काळ्याही सगळ्या बायकाच. नर अफलित अंड्यातून जन्मतो, त्याला बापच नसतो, आणि मीलन उरकलं की तो फार दिवस जगत नाही. नराकडे जनुकांचा एकच संच असल्यामुळे एका आई-बापाच्या मुली एकमेकींशी तीन चतुर्थांश सारख्या निघतात, स्वतःच्या लेकीपेक्षाही जवळच्या. स्वतः प्रजा न वाढवता बहिणींसाठी राबणं उत्क्रांतीत कसं टिकलं, याचं गणित डब्ल्यू. डी. हॅमिल्टनने १९६४ मध्ये मांडलं ते याच्याच आधारावर. ते आज सगळ्यांना पुरेसं वाटत नाही. आणि आमच्यासारख्या अनेक राण्यांच्या घरात बहिणी चुलत-मावस होऊन बसतात, तिथे हा हिशोब अजून पातळ होतो.)

घरटं शोधणं: जिलबीचा रंग

रांगेमागे जाऊन घरटं सापडत नाही, कारण येणारी आणि जाणारी दोन्ही सारखीच दिसते आणि भिंतीत शिरली की संपलं. पण काळ्या डोक्याच्या मुंगीचं पोट पारदर्शक असतं. त्याचा फायदा घ्या.

साखरेच्या पाण्यात जिलबीचा केशरी रंग चिमूटभर घाला आणि एक थेंब रांगेजवळ ठेवा. औषध अजून नाही, नुसतं गोड पाणी. दहा मिनिटांत पोटात केशरी दिवा घेतलेल्या मुंग्या परत निघतात. आता बॅटरी घेऊन फक्त केशरी पोटांच्या मागे जायचं. रात्री नऊनंतर करा, तेव्हा ओट्यावर वर्दळ कमी असते. तुमची, त्यांची नव्हे.

आमच्या केशरी पोटांपैकी काही स्वयंपाकघराच्या खिडकीच्या चौकटीतून बाहेर पडून न्हाणीशेजारच्या सोडणांच्या ढिगात शिरली. भाण (अंघोळीच्या पाण्याचं भांडं) तापवायला म्हणून नारळाची सोडणं तिथे वर्षानुवर्षं रचलेली; खालचा थर कोणी हलवलेलाच नव्हता. बाकीची बल्कांवाच्या कडेने जास्वंदीच्या कुंडीखाली. कुंडी उचलली तर खालच्या थाळीत पांढऱ्या तांदळाच्या कण्यांसारखी पिल्लं आणि ती तोंडात धरून सैरावैरा पळणाऱ्या मुंग्या. "मुंग्या अंडी घेऊन निघाल्या, पाऊस येणार" असं आपण म्हणतो तेव्हा नजरेला दिसतात ती बहुतेक अंडी नसतातच. अंडं फार बारीक असतं. त्या अळ्या आणि कोष असतात.

कुंडी उचलून मी पहिली चूक केलीच होती, त्यांना हलवलं. तुम्ही घरटं सापडलं की जागा लक्षात ठेवा आणि हात लावू नका. उकळतं पाणीही नको.

आमिष

मुंग्यांचे पूर्वज गांधीलमाशीच्या कुळातले. अमेरिकेतल्या न्यू जर्सीत १९६६ मध्ये सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीच्या राळेत एक मुंगी सापडली, स्फेकोमिर्मा, पुढच्या वर्षी तिचं नामकरण झालं. तिच्यात थोडी मुंगी आणि थोडी गांधीलमाशी एकत्र दिसते. गांधीलमाशीकडून मुंगीला जी बारीक कंबर मिळाली तिच्यातून घन अन्न खाली जात नाही. पूर्ण वाढलेली मुंगी फक्त पातळ पदार्थ गिळते, कण तोंडाशीच गाळले जातात. माशाचा तुकडा ती उचलून नेते तो पिल्लांसाठी; पुष्कळ जातींत घन अन्न पचवण्याचं काम अळ्याच करतात.

या माहितीचा स्वयंपाकघरातला अर्थ असा की बोरिकची कोरडी भुकटी ओट्यावर भुरभुरवून काही होत नाही. विष पातळ हवं, गोड हवं, आणि मंद हवं. मुंगीला दोन पोटं असतात, एक स्वतःचं आणि त्याच्या पुढे एक सार्वजनिक. भरलेल्या सार्वजनिक पोटातलं पाणी ती घरी जाऊन दुसरीच्या तोंडात देते, दुसरी तिसरीच्या, असं ते राणीपर्यंत आणि पिल्लांपर्यंत पोचतं. आजीबाई वाटेत मेली तर वाटप होतच नाही. म्हणून जोरदार विष इथे निकामी.

माझं प्रमाण: पाव लिटर कोमट पाणी, त्यात दहा लहान चमचे साखर आणि *सपाट अर्धा* लहान चमचा बोरिक पावडर. म्हणजे पाण्यात साधारण एक टक्का किंवा थोडं कमी. पावडर औषधाच्या दुकानात मिळते. कॅरमची म्हणून विकतात ती पूर्वी बोरिकच असायची, हल्ली त्यात भलतंच काही असतं, तेव्हा पाकीट वाचून घ्या. मी पहिल्यांदा "जरा जास्त घातली तर लवकर जातील" म्हणून दोन चमचे घातली. मुंग्या झाकणाच्या कडेलाच मरून पडल्या आणि बाकीच्यांनी त्या झाकणाकडे यायचं बंद केलं. कमी घालणं हीच इथली युक्ती आहे.

बाटलीच्या झाकणात कापसाचा बोळा, त्यावर हे पाणी, आणि झाकण चालू रांगेच्या अगदी शेजारी. रांग पुसू नका, ती तुमची सप्लाय लाइन आहे. दुसरीकडे कुठे गोड सांडलेलं असेल ते मात्र साबणाच्या पाण्याने पुसा, म्हणजे पर्याय उरत नाही. आमच्या दमट हवेत दोन दिवसांत पाणी आंबतं, तेव्हा बोळा बदलायचा.

पहिल्या दिवशी मुंग्या *वाढतील*. झाकणाभोवती काळी किनार धरल्यासारखी गर्दी होईल. पाहुणे यायचे असतील तर आमिष त्या दिवशी सुरू करू नका, कारण ही गर्दी बघून नव्वद टक्के माणसं फवारा हातात घेतात आणि सगळं पाण्यात जातं. (नव्वद हा आकडा माझ्या नात्यागोत्यातला आहे.) चौथ्या-पाचव्या दिवसापासून रांग विरळ झाली, बाराव्या दिवशी रांग म्हणण्यासारखं काही उरलं नाही. इथे थांबायचं नाही. फॅरो मुंगीला अंड्यापासून कामकरी व्हायला साधारण ३८ दिवस लागतात. आत आधीच असलेले कोष नंतर फुटतात आणि त्यांनाही पाणी मिळायला हवं. मी दोन महिने झाकणं ठेवली, शेवटी शेवटी आठवड्यातून एकदा.

मुंग्या गोडाकडे ढुंकूनही बघत नसतील तर एका बशीत गुळाचं पाणी, खोबरेल तेलाचा थेंब आणि थोडा भाजलेला गालमो (सुका जवळा) असं शेजारी शेजारी ठेवून बघा. पिल्लं जास्त असली की वसाहतीला साखरेपेक्षा प्रथिनं लागतात, आणि तेच घर दोन आठवड्यांनी परत गोडावर येतं. फॅरो मुंग्यांत हे जास्त दिसतं. अशा वेळी तीच पावडर, तितक्याच कमी प्रमाणात, मऊ कुस्करलेल्या सुक्या मासळीत किंवा शेंगदाण्याच्या लोण्यात कालवायची. सोमवारी आमच्याकडे मासळी शिजत नाही, पण मुंग्यांच्या झाकणाला सूट आहे असा निर्णय सासूबाईंनी दिला.

सावधगिरी, कारण ही गोष्ट विनोदाची नाही. बोरिक पोटात गेलं तर लहान मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना त्रास होतो. झाकण मुलाच्या हाताला लागेल अशा उंचीवर ठेवू नका. मी जुन्या प्लास्टिकच्या डब्याला मुंगीएवढी भोकं पाडून झाकण आत ठेवलं आणि डबा चिकटपट्टीने बंद केला. उरलेल्या बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहा, आणि ती सरबताच्या बाटलीत तर चुकूनही भरू नका.

स्विचबोर्ड

बोर्डातून मुंग्या निघत असतील तर आत काहीही फवारू नका. डब्यातला वायू पेट घेऊ शकतो आणि पाणी घातलं तर काय होईल ते सांगायला नको. बोर्डाखाली झाकण लावा, महिनाभर धीर धरा, मग मेन बंद करून इलेक्ट्रिशियनकडून बोर्ड उघडून साफ करून घ्या. तोपर्यंत आत बहुधा मेलेल्यांचा भुसाच सापडेल.

पण त्या येतात कशासाठी? आमच्याकडे उत्तर जास्वंदीवर होतं

ओट्यावर साखर सांडते म्हणून मुंग्या येतात, असं मला वाटायचं. ओटा लख्ख असला तरी येत होत्या. त्यांचं रोजचं जेवण जास्वंदीवर चालू होतं. शेंड्यांवर कापसासारखे पुंजके होते, पिठ्या ढेकूण. हे किडे झाडाचा रस पितात, त्यातली साखर त्यांना पेलत नाही, ती गोड थेंबांच्या रूपात मागून बाहेर टाकतात. मुंग्या ती पितात आणि बदल्यात किड्यांची राखण करतात. गुराखी आणि गुरं, दुसरा शब्द नाही. जोवर हा गोठा भरलेला आहे तोवर तुमचं झाकण त्यांच्यासाठी फक्त सणाचं गोडधोड आहे.

भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाकले, बाकीच्या झाडावर जोरात पाणी मारलं, मग लिटरभर पाण्यात लहान चमचाभर कडुलिंबाचं तेल आणि दोन थेंब भांडी घासायचा साबण, संध्याकाळी, आठवड्यातून एकदा, तीन वेळा. बुंध्यावर कापडाची पट्टी गुंडाळून तिच्यावर व्हॅसलिनचा थर दिला म्हणजे मुंग्यांना चढता येत नाही. राखणदार गेले की बाकीचं काम निसर्ग करतो. एक पांढरी, मेणाच्या झिपऱ्या असलेली, पिठ्या ढेकणासारखीच दिसणारी पण झपाझप चालणारी अळी दिसली तर तिला मारू नका. ती क्रिप्टोलीमस भुंग्याची अळी असू शकते. ऑस्ट्रेलियातला हा भुंगा १८९८ मध्ये भारतात आणला तो अशाच किडींसाठी, आणि तो मुख्यतः पिठ्या ढेकणांवर जगतो. मुंग्या असल्या की त्याला हाकलून देतात.

सोडणांचा ढीग आम्ही आमिष दोन आठवडे चालल्यावर उन्हात पसरला. आता तो भिंतीपासून हातभर लांब, दोन चिऱ्यांवर फळी टाकून रचलाय.

हुमले: यांना सोडा

आंब्यावरच्या हुमल्यांसाठी फवारा मागायला माणसं येतात तेव्हा मला वाईट वाटतं. आंबे काढायला चढणारा शिव्या देतो, ते मान्य. हुमला डंख मारत नाही, तो चावतो आणि जखमेवर फॉर्मिक आम्ल सोडतो, म्हणून इतकं झोंबतं. पण ही मुंगी तुमच्या स्वयंपाकघरात राहायला येणारी नव्हे. तिचं घर पानांचं, आणि ते ती शिवते कशी ते एकदा बघाच. कामकरणी एकमेकींची कंबर पकडून साखळ्या करतात, दोन पानं ओढून जवळ आणतात, मग दुसऱ्या कामकरणी तोंडात एकेक अळी धरून येतात. रेशीम अळीकडे असतं, मोठीकडे नसतं. अळी या कडेला टेकवायची, त्या कडेला टेकवायची, जसा मागावर धोटा. एका वसाहतीची अशी कित्येक घरटी दोन-चार झाडांवर पसरलेली असतात आणि राणी त्यांतल्या एकातच.

काजूच्या बागेत हुमले असले की मोहोराचा रस शोषणारा ढेकण्या कमी टिकतो, हे काजू लावणाऱ्याला ठाऊक असतं. दक्षिण चीनमध्ये संत्र्या-लिंबांच्या बागांत हीच मुंगी किडींवर सोडायचे, इसवी सनाच्या चौथ्या शतकातल्या मजकुरात तिची घरटी बाजारात विकल्याची नोंद आहे. इकडे ओडिशात मयूरभंजच्या लोकांनी तिच्या चटणीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलं. आणि आपण तिच्यावर रॉकेल ओततो.

घराला टेकलेली फांदी असेल तर हुमले कौलांवर येतात. फांदी छाटा. कपडे वाळत घालायची दोरी आंब्याला बांधली असेल तर ती सोडा; ती त्यांचा पूल आहे, आखूड पूल.

भिंतीवर मातीच्या नळ्या असतील तर

त्या मुंग्या नाहीत, वाळवी. वरची एकही युक्ती चालणार नाही, जाणकार माणूस बोलवा. "पांढरी मुंगी" हे नाव फसवं आहे: मुंगी गांधीलमाशीच्या नात्यातली, वाळवी झुरळाच्या. पहिल्या पावसात दिव्याभोवती पंख झडून पडतात ते नीट बघा, चारही पंख सारख्या लांबीचे आणि कंबर जाड असेल तर वाळवी. पुढचे पंख मोठे, कंबर बारीक, मिशा कोपरातून वाकलेल्या असतील तर पंख फुटलेली मुंगी. रानातलं रोयण, म्हणजे वाळवीचं वारूळ, मात्र मोडू नका. सातेरी म्हणून आपण जिला हात जोडतो ती तीच, आणि श्रावणाच्या आगेमागे पानात बांधून विकायला येणारी महागडी अळमी (रानातली अळंबी) त्याच वाळवीच्या बुरशीच्या शेतातून वर येतात.

सगळं करूनही परत आल्या तर

आमच्याकडे दोन महिन्यांनी परत आल्या. मी सगळी यादी पुन्हा तपासली: पाणी आंबलेलं नाही, जास्वंद स्वच्छ, सोडणं लांब. मग केशरी थेंब ठेवला. पोटं थेट सामाईक भिंतीच्या फटीत शिरली, शेजारच्या काकींच्या बाजूला. या जातीच्या मुंग्या शेजारच्या बिऱ्हाडाशी भांडत नाहीत, एका घरट्यातली दुसऱ्यात खुशाल जाते-येते. माझी भिंत आणि काकींची भिंत हा फरक त्यांच्या गावी नाही. काकींनी आदल्याच आठवड्यात फवारा मारला होता, आणि त्यांच्याकडचं वेगळं निघालेलं बिऱ्हाड माझ्याकडे आलं होतं.

"परतून आयल्यो गे मुयो?" त्यांनी कुंपणावरून विचारलं. मी झाकण आणि बाटली घेऊन त्यांच्याकडे गेले, जिलबीचा रंगही घेतला. जोडघर किंवा फ्लॅट असेल तर एवढं एक लक्षात ठेवा, दोन्हीकडे एकाच दिवशी झाकणं लावायची आणि दोन महिने दोन्हीकडे फवारा बंद. काकींनी अट घातली की केशरी पोटांच्या मागे बॅटरी घेऊन त्या स्वतः जाणार. त्या शनिवारी रात्री साडेअकरापर्यंत आम्ही दोघी त्यांच्या फडताळामागे बसलो होतो.